ती भिजत घाल!

स्वस्तातली जपानी तलवार कशी निवडावी, हे मला विचारा! दुकानदाराला विचारू नका, तो तुमच्या गळ्यात भिंतीवर लटकवायचा पत्रा मारेल. इंटरनेटवरच्या तज्ज्ञांना तर मुळीच विचारू नका. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात काकडीसुद्धा सरळ कापलेली नाही! मी चार महिने वाचलंय. चष्म्याचा नंबर वाढला, पण माणूस तयार झालो.

हे खूळ कशाला, म्हणाल. मी तक्रार खिडकी क्रमांक तीनवर बसतो. काचेपलीकडून आठ तास लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि मी "अर्ज पुढे पाठवलाय" म्हणतो. बावीस वर्षं! एकदा तरी काहीतरी खच्चून कापावं, एवढीच इच्छा उरली होती. म्हणून तलवारीच्या वर्गात नाव घातलं. तिथे तीन वर्षं लाकडी तलवारीने हवा झोडपतोय. माझ्या मागून आलेल्या पोरी खऱ्या पात्यावर गेल्या, मी आपला पंख्यासारखा जागच्या जागी!

शेवटी सरांना दया आली. "काका, रविवारी सकाळी दहाला परीक्षा. तलवार स्वतःची, चटई स्वतःची. एका घावात चटई तुटली की तुम्ही वरच्या वर्गात. नाहीतर लाकडी आहेच."

ही चटई गवताची असते. घट्ट गुंडाळायची, दोरीने बांधायची आणि दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायची. कोरडी चटई पात्याला दाद देत नाही.

दुकानात गेलो. दुकानदाराने आरशासारखी लखलखीत तलवार काढली. "स्टेनलेस आहे साहेब! जन्मात गंजणार नाही!"

"मग तिचं पातेलं करा," मी म्हणालो. "लांब पात्याचं स्टेनलेस घाव बसला की मोडतं आणि तुकडा शेजारच्याच्या कपाळात! मला गंजणारी दाखवा."

"गंजणारी?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिळं मागितलं होतं.

मग मागून एक काळी, साधी, नक्षी नसलेली निघाली. मी मूठ उतरवायला लावली. पात्याचं शेपूट मुठीत शेवटपर्यंत गेलेलं, बांबूची खुंटी पक्की. हलवून कान लावला, खुळखुळ नाही. म्यानासकट उलटी धरली, पातं घसरलं नाही. मुठीवर पांढऱ्या दोरीचा गोफ, एक वेढा इकडचा तिकडे नाही.

"पाणी दिलंय का?" मी विचारलं.

दुकानदाराने माझ्यापुढे बाटली ठेवली! आता या माणसाला काय सांगायचं? घेतली आणि निघालो. तलवार. बाटलीही.

घरी सासरे होते. भाषेचे निवृत्त शिक्षक. चार दिवसांसाठी आले, त्याला तिसरा आठवडा. जेवताना मी सगळ्यांना समजावलं, की पातं लालबुंद तापवून पाण्यात विझवतात, त्याने धार टणक होते, त्यालाच पाणी देणं म्हणतात.

"जुना शब्दप्रयोग आहे," सासरे म्हणाले. "कोशात आहे. काही कारागीर मिठाचं पाणी वापरत."

"बाबांना किती माहिती आहे बघा!" बायको म्हणाली.

मी मान डोलावली. तिथेच माझं चुकलं. निवृत्त शिक्षकापुढे मान डोलावू नये!

शनिवारी घाईत ऑफिसला पळालो आणि चटई भिजवायची राहिली. दहाच्या सुमारास खिडकीपुढे ही रांग! पहिला गृहस्थ काचेवर मूठ आपटतोय. मी टेबलाखाली फोन धरून बायकोला गाठलं.

"अगं, दाराच्या मागे कोपऱ्यात ती लांब, गुंडाळलेली आहे ना, ती भिजत घाल!"

"माझा अर्ज भिजत घालणार?" काचेपलीकडचे गृहस्थ ओरडले.

"तुमचा नाही हो! अगं, ऐक. पिंपात उभी कर. पूर्ण बुडली पाहिजे."

"गुंडाळलेलं सोडून घालू का?"

"अजिबात सोडू नकोस! आहे तशीच बुडव. सोडलीस तर सगळं वाया जाईल!"

"भिजलेला अर्ज कोण वाचणार?" रांगेतून कुणीतरी.

"अहो, पण हिला पाणी चालतं का?" बायको. बिचारीने विचारलं होतं हो! शंका काढली होती!

"चालतं म्हणजे? पाण्याशिवाय तिचा काही उपयोग नाही!" मी म्हणालो आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर चटई कपाटावर. कोरडी ठणठणीत. आदल्या दिवशी झाडताना मीच वर टाकली होती. आणि दाराच्या मागे, जिथे मी जुन्या चादरीत गुंडाळून तलवार उभी केली होती, तिथे फक्त भिंत!

"तलवार कुठाय?"

"पिंपात," बायको म्हणाली. "तुम्हीच म्हणालात."

"मी चटईबद्दल म्हणालो!"

"तुम्ही 'ती' म्हणालात! तलवार काय 'तो' आहे?"

"अगं, तलवार कुणी भिजवतं का?"

"मलाही तसंच वाटलं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, तलवारीला पाणी देतातच, कोशात आहे."

सासरे खुर्चीतून म्हणाले, "नुसतं पाणी नाही दिलं. किलोभर मीठही घातलं. तुमचं काम अर्धवट नको."

पिंपाकडे धावलो. चादरीने रंग सोडला होता. पाणी लालभडक, पांढरी मूठ बाळाच्या झबल्यासारखी गुलाबी! मी मूठ ओढली. पातं हलेना. लाकडी म्यान आतून फुगलं होतं. मी मुठीला, बायको म्यानाला, सासरे बायकोला धरून. दहा मिनिटं तिघं दिवाणखान्यात मागेपुढे झुललो. शेवटी सासऱ्यांची कंबर सुटली, तलवार नाही!

"स्टेनलेस घेतली असती तर?" बायकोने विचारलं. बाईला कधी कधी नको तेच सुचतं!

रविवारी दहाला गेलो. न जाऊन सांगतो कुणाला! रात्रभर भिजवलेली चटई खुंट्यावर उभी केली, समोर उभा राहिलो. तीन वर्षं घोटलेला पवित्रा. वाकलो, मुठीला हात घातला, ओढली. अख्खं म्यान कंबरेतून वर आलं! पुन्हा ओढली. मागून एक पोरगी खोकल्याचं सोंग करून हसली.

"काय झालं काका?" सर जवळ आले. मी सगळं सांगितलं. पिंप, मीठ, "ती". सरांनी ओठ घट्ट मिटले. त्यांनी ओढून पाहिली. वर्गातल्या दोन दणकट मुलांनी दोन्ही टोकांनी ओढून पाहिली. मग सरांनी ती म्यानासकट हातात तोलली, दोन वार हवेत केले, कान लावून ऐकलं.

"निवड मात्र उत्तम केलीत," ते म्हणाले. "तोल सुरेख. खुंटी घट्ट. काही हलत नाही."

माझी छाती फुगली. चार महिने वाया गेले नव्हते तर!

"आणि पातं बाहेर येतच नाही, म्हणजे कुणाला लागायची भीती नाही. पुढचं वर्ष हिच्यावरच करा काका, दंड कमावतील." त्यांनी नोंदवही उघडली आणि माझ्या नावापुढे, तलवारीच्या रकान्यात लिहिलं: लाकडी, जड. "इथे सही करा."

मी निमूट सही केली. वाद घालणार कोण? त्या खोलीत बाकी सगळ्यांच्या तलवारी बाहेर निघत होत्या!