तांबडीची इंग्रजी

"आये, महिन्याभरात ह्या इंग्रजीच्या नाकात वेसण न्हाई घातली, तर नावाचा करण न्हाई!"

करणने ही गर्जना शेणाची पाटी डोक्यावर असताना केली, त्यामुळे आईने, गोजरबाईंनी, ती फारशी मनावर घेतली नाही. पण करणला ती तडीस नेणं भागच होतं. त्याला पूजाशी लग्न करायचं होतं, आणि तिच्या वडिलांनी, रामहरींनी, तोंडावर सांगून टाकलं होतं, "पोरगा गुणाचा हाय. पर दिसरात गाईखाली बसणाऱ्याला मी पोरगी देणार न्हाई. नोकरी दावा, पोरगी न्या!" आणि इकडे शिर्डीतल्या एका हॉटेलला काउंटरवर माणूस हवा होता. अट एकच, बाहेरगावच्या भक्तांशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे.

आता करणची इंग्रजी अगदीच टाकाऊ नव्हती. घोडं अडलं होतं ते फ्रेझल व्हर्बपाशी. 'लुक' म्हणजे बघणे, इथवर ठीक. पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे चक्क कमी लेखणे! शेपूट बदललं की अख्खं जनावरच बदलायचं! असली भाषा बोलणारे लोक एकमेकांना पाणी तरी कसं मागत असतील, असा प्रश्न त्याला पडायचा.

पाठांतराला सवड कुठली? मग पठ्ठ्याने धार काढतानाच घोकायला सुरुवात केली. मोबाईलवर धडा लावून तो खांबाला अडकवायचा, तांबडी गाईच्या कासेला हात घालायचा, आणि तालात सुरू! डावा हात, "गिव्ह अप!" उजवा हात, "सोडून देणे!" डावा, "कॅरी ऑन!" उजवा, "चालू ठेवणे!" धार चरवीत आणि इंग्रजी डोक्यात! तांबडी डोळे मिटून रवंथ करत ऐकायची. महिन्याभरात दोघंही तयार झाली.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळची धार आईवर सोपवून, उसना टाय लावून, करण एसटीत चढला.

हॉटेलच्या मॅनेजर देवश्री मॅडम शांतपणे म्हणाल्या, "समजा, गिझर बंद आहे आणि पाहुणे भडकले आहेत. त्यांना काय सांगाल? इंग्रजीत बोला."

करणने तोंड उघडलं. आत सगळं भरलेलं होतं. पण बाहेर एक शब्द येईल तर शपथ! मॅडमनी पाणी दिलं, तो प्यायला. तरी नाही! डोळ्यांपुढे पूजा दुसऱ्याच कुणाला तरी हार घालताना दिसायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला.

"करण्या, तांबडी पान्हा सोडंना रं!"

"आये, पेंड टाक की!"

"टाकली! गूळ चारला! तुझा सदरा घालून बसले! मी इंग्रजी बी बोलले. येस म्हनलं, थँक्यू म्हनलं. तिनं अशी लाथ झाडली, चरवी उकिरड्यावर! कास दगडावानी झाली रं लेकरा!"

करण ताडकन उठला. कास सुजली तर गाय हातची जायची! नोकरी गेली खड्ड्यात!

"आये, फोन तिच्या कानाला लाव!"

तो लॉबीच्या कोपऱ्यात धावला, उकिडवा बसला आणि फोन मानेत धरून सुरू झाला, "काम डाउन! शांत होणे! पुट अप विथ! सहन करणे! लुक इनटू! चौकशी करणे! सॉर्ट आउट! मार्गी लावणे!" दोन्ही हात आपोआप हवेत धार काढू लागले. दर्शनाहून आलेलं एक कुटुंब हात जोडून बाजूला उभं राहिलं. त्यांना वाटलं, काहीतरी अनुष्ठान चाललंय!

"सोडला, बाई! सोडला पान्हा!" फोनमधून गोजरबाई ओरडल्या.

करणने मागे वळून पाहिलं. देवश्री मॅडम उभ्या.

"अहो, एवढं येतं, तर मघाशी का गप्प बसलात?"

करण उठला. हात थांबले. जीभही थांबली! तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तांबडी इंग्रजीशिवाय दूध देत नव्हती, आणि हा धार काढल्याशिवाय इंग्रजी!

मॅडम व्यवहारी बाई. त्या म्हणाल्या, "मग हात चालू ठेवा आणि बोला!"

करण बोलला. असा बोलला, की नोकरी पक्की झाली! घरी त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग तांबडीला सकाळ-संध्याकाळ ऐकवणं सुरू झालं. इकडे काउंटरच्या वर टाय आणि हसरा चेहरा, काउंटरच्या खाली दोन्ही मुठी. कुणाला पत्ता नाही!

पंधरवड्यातच रामहरी खात्री करायला हजर झाले. नेमकं तेव्हाच एक गृहस्थ खोलीवरून आकाशपाताळ एक करत होते. "काम डाउन, सर! आय विल लुक इनटू इट! वुई विल सॉर्ट इट आउट!" करण धडाधड बोलला, आणि गृहस्थ चक्क हसत किल्ली घेऊन गेले!

रामहरींचा ऊर भरून आला. "वा रं माझ्या वाघा!" म्हणत ते मिठी मारायला थेट काउंटरच्या आत शिरले आणि जागीच थबकले. करणच्या मुठी अजून चालूच होत्या. डावी, उजवी. डावी, उजवी.

करण मनात म्हणाला, संपलं! आता हा माणूस पोरगी कसली देतो!

रामहरींनी आधी मुठींकडे पाहिलं. मग वाकून काउंटरखाली पाहिलं. मागचा पडदा उचलून पाहिला. शेवटी करणच्या कानाशी लागून ते हळूच म्हणाले, "जावईबापू, लग्नाची तारीख काढतो. पर खरं सांगा, कुटं बांधलीय? आन् लिटर किती देती?"