दोन किल्ल्यांचे नाना

नानांच्या हातावर तुम्ही पाच रुपयांची नोट ठेवलीत तरी ते ती खिशात घालत नसत. आधी साक्षीदार शोधत. शाळेचा शिपाई, फाटकावरचा शेंगदाणेवाला, नाहीतर कुणाची तरी आई, जे समोर असेल त्याला थांबवून म्हणत, "जरा नजर ठेवा." मग ते पैसे मोजत. नोट एकच असली तरी मोजत.

ही नव्वद सालाच्या आसपासची, जळगावातली गोष्ट. आमच्या मुलींच्या शाळेत पालक संघ होता. मी त्याची खजिनदार आणि नाना हिशेबतपासनीस. ते मूळचे धुळ्याकडचे, जन्मभर एका डाळमिलमध्ये मुनीम होते. त्यांची नात केव्हाच दहावी होऊन आईवडिलांबरोबर सुरतेला गेली होती. म्हणजे नाना आता पालक नव्हते, पण हे त्यांना सांगायची छाती मुख्याध्यापिकाबाईंचीही झाली नाही.

संघाच्या पत्र्याच्या पेटीला त्यांनी दोन कुलपं बसवली होती. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी त्यांच्या करदोड्याला. खडूचा डबा आणायचा झाला तरी दोघांनी हजर व्हायचं. मी वर्षभर कुरकुरले. माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांगा, असंही एकदा सुनावलं. नानांनी वहीतून मान वर न काढता विचारलं, "बठ्ठं लिखेल शे का?" सगळं लिहिलंय ना, हा प्रश्न ते लग्नाच्या पंगतीत वाढप्यालाही विचारू शकत. त्यांच्या घरी दुधाचा रतीब लिहून ठेवत आणि त्याखाली दूधवाल्याची सही घेत. दूधवाला सही करायला नानांकडेच शिकला, असं म्हणतात.

थंडी पडली तशी संघाने भरीत पार्टी ठरवली. एका पालकांच्या केळीच्या मळ्यात, तिकीट लावून. उरतील त्या पैशांतून मुलींसाठी पाण्याची टाकी घ्यायची होती. नेमकं त्याच दिवशी नानांच्या पुतणीचं लग्न धुळ्याला. जाताना त्यांनी आपली किल्ली माझ्या हातात दिली आणि बजावलं, शेजारी दुसरं माणूस असल्याशिवाय पेटी उघडू नका. मी हो म्हटलं. पण मळ्यात तुरीच्या काड्यांचा जाळ, वांग्यांचा धूर, डोळ्यांतून धारा, आणि चारी बाजूंनी हात पुढे. तेलाचे द्या, टेम्पोचे द्या, मिरच्यांचे द्या. मी एकटीच पेटी उघडत होते आणि देत होते. भरीत मात्र झकास झालं.

पुढच्या आठवड्यात हिशेब लावला तर तीनशे रुपये कमी. पावत्या पुन्हा जुळवल्या, सगळ्यांना विचारलं, तरी तीनशे कमीच. त्यातच मी सासूबाईंची जुनी अंगठी मोडून सोन्याच्या कुड्या करून घेतल्या होत्या. जळगावात कुणी सोनं घेतलं तर एरवी ती बातमी नसते. त्या आठवड्यात झाली. फाटकाशी उभ्या असलेल्या बायका मी आले की गप्प व्हायच्या आणि माझ्या कानांकडे बघायच्या. मी कुड्या काढून डब्यात ठेवल्या. मुलीने घरी येऊन विचारलं, "आई, तू पैसे घेतलेस का?" तेव्हा मला रडू कोसळलं.

मी तीनशे रुपये घेऊन नानांकडे गेले. भरून टाकते, विषय संपवा म्हटलं. नाना चिडले किंवा गहिवरले की अहिराणीवर येत. तेव्हा दोन्ही झालं असावं.

"पैसा भरू नका, ताई. भरात म्हंजे खादात."

भरले म्हणजे खाल्ले, असंच लोक धरतील. माझे पैसे त्यांनी माझ्याकडूनच पुन्हा मोजून घेतले, परत पिशवीत टाकायला लावले आणि ते पावत्या घेऊन बसले. एकेक बाजूला ठेवत पुटपुटत होते. वांगी आली, काड्या आल्या, तेल आलं. मग एकदम थांबले.

"मंग भरीत कसामा कुटं?"

भरीत कुटायला लाकडी बडगी लागते, होडीसारखं खोलगट भांडं. तिची पावतीच नव्हती. शोध घेतला तर त्या दिवशी दोन बडग्या पीटीच्या सरांनी पहूरहून आणल्या होत्या, माझ्याकडून पेटीतले तीनशे रुपये नेऊन, ते तिथे अनामत ठेवून. सरांना विचारलं होतं मी, किती खर्च केला म्हणून. ते म्हणाले होते, एक पैसाही नाही. खरंच होतं. अनामत परत मिळते, ती कशी खर्च होईल? आणि परत मिळाली नव्हती, कारण दोन्ही बडग्या खेळाच्या खोलीत होत्या आणि सरांनी त्यांत व्हॉलीबॉल भरून ठेवले होते.

बडग्या पहूरला पोचल्या, पैसे आले. संघाच्या सभेच्या आदल्या दिवशी नानांनी निरोप पाठवला, ताईंना कुड्या घालून यायला सांगा.

सभेत त्यांनी उभं राहून अहवाल वाचला. "तीनशे रुपये अनामतीचे जमा. खजिनदारांकडून येणे काही नाही." हे वाक्य त्यांनी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा शेवटच्या रांगेकडे बघत.

सभा संपल्यावर पेटीपाशी आम्ही दोघंच होतो. तीनदा का वाचलंत, मी विचारलं. नाना किल्ली चाचपत राहिले. तरुणपणी मिलमध्ये अशीच तूट आली होती, म्हणाले.

"तुमनी काकून्या पाटल्या मोडीसन मी भरात. सा महिनामा ती रक्कम दुसरा खाताम्हा सापडनी. पन कोनी उभं ऱ्हाईसन वाचं नई."

काकू गेल्या त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांचे हात मला चांगले आठवत होते, कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या, सोन्याचं काही नाही. ती मला त्यांची हौस वाटायची.

माझं नाव स्वच्छ राहिलं ते या माणसामुळे, आणि मला साधे आभारही मानता येईनात. मी माझी किल्ली काढली.

"जरा नजर ठेवा, नाना," म्हटलं, आणि पेटीतले पैसे त्यांच्यासमोर पहिल्यापासून मोजायला घेतले.