इंग्रिडताईंनी बंद पाडलेला डीजे

बाळकुम गावातल्या आमच्या सोसायटीत मनसोक्त भांडायची सोयच राहिली नव्हती. कचरेवाल्यावर आवाज चढवला, की वरच्या जिन्यातून विनवणी यायची, "परत म्हणा ना! 'अरे' केवढा लांबवलात! परत म्हणा." मग कसलं भांडण!

या इंग्रिडताई. स्वीडनच्या. तिकडे विद्यापीठात संगीत शिकवायच्या, चार जाडजूड पुस्तकं लिहिलेली. पाचवं आगरी लग्नातल्या धवल्यांवर लिहायला इथे येऊन राहिल्या. धवले म्हणजे नवरा-नवरीचं नाव गुंफून म्हणायची गाणी. ती म्हणणारी धवलारीण आता गावात एकच उरलेली, जनामावशी. ताई दिवसभर तिच्या ओटीवर. त्यामुळे मराठी अशी, की बँकेत मॅनेजरला "काय गो बाय?" म्हणून आल्या.

मावशीच्या नात्यातल्या पोरीची हळद होती. ताईंबरोबर मीही गेलेले. मावशी नवं लुगडं नेसून मांडवात बसलेली, पण तिला कोणी गा म्हणायच्या आत डीजे सुरू झाला. एक गाणं, दुसरं गाणं. मावशी उठून चपला शोधायला लागली. तेवढ्यात सगळं एकदम शांत. बघते तर ताईंच्या हातात उपटलेली वायर!

नवरीचे भाऊ धावून आले. "ओ मॅडम, दिमाग फिरला काय? सोडा ती!" एकाने हिसका दिला. ताई लालबुंद, पण वायर सोडेनात. नवरीचा काका खुर्ची ढकलून उठला.

"तुजे पुस्तकासाटी आमचे पोरीची हलद थांबवतंस?"

"पुस्तक नाय," ताई म्हणाल्या. "रेकॉर्डिंगचं मशीन घरी ठेवलंय. पोरीचं नाव घेऊन कोणी गायचंच नाय काय?"

काकाने पोरीकडे पाहिलं. हळदीने माखलेली नवरीच म्हणाली, "काका, मावशीला गाऊ दे."

मावशीने सुरू केलं आणि तिसऱ्या ओळीला अडखळली. ओठ हलतायत, शब्द नाही. भाऊ पुन्हा वायरीकडे बघायला लागले. तेव्हा ताईंनीच भसाड्या आवाजात पुढची ओळ उचलली. बायका खो खो हसल्या आणि हसता हसता गायला लागल्या. डीजे वाजलाच, पण बऱ्याच उशिराने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी लाडू घेऊन ताईंकडे आली. मीही चहाला होते.

"एवरी कशी पेटलीस गो?"

ताईंनी कप खाली ठेवला. "गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. तिने खूप बोलावलं. मी म्हटलं, नाय जमणार, इथे लग्नांचा सीझन आहे."

मावशीने लाडू ताईंच्या पुढ्यात सरकवला. मग म्हणाली, "नाव काय गो तिचा?"

"शर्स्टिन."

मावशीने ते तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं. जमेना. मग भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि धवला धरला. सरसतीबायला हळद लागत होती.

ताईंनी नाव दुरुस्त केलं नाही.