विश्रांतीच्या खाटेचे न्याय्य वाटप

नकाशा विभागातल्या आरेखक बाईंना दुपारी थोडा वेळ पाठ टेकायला जागा हवी होती. त्यांच्या रोगप्रतिकारक शक्तीचं डोकं फिरलं होतं. चोर सोडून ती घरच्यांनाच, म्हणजे बाईंच्या सांध्यांना, बडवत होती. या मारामारीचा निरोप तापात जातो तसाच मेंदूकडे जातो आणि मेंदू हुकूम सोडतो : आडवे व्हा. मुळात चोर आलेलाच नसल्यामुळे हा हुकूम मागे घ्यायचं कुणालाच सुचत नाही. झोप काढून हा थकवा जात नसतो, पण मध्ये पाठ टेकली तर दिवस निभतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाही निभला तर नोकरी सोडावी लागणार होती, आणि बाईंचा जीव नकाशांत होता.

"दिसता तर ठणठणीत," साहेब म्हणाले.

"सूज आत आहे, साहेब."

"अहो, दमतो तर मीही. परवा मेहुण्याचं कपाट उचललं, अजून कंबर धरलीय."

तरीही साहेब दयाळू. खाट मंजूर झाली.

पहिल्याच दुपारी हेडक्लार्क विचारपूस करायला आले आणि खाटेच्या कडेवर टेकले. "खरं सांगू बाई? थकवा मलाही येतो. मी बोलत नाही इतकंच." बोलता बोलता ते आडवे झाले आणि घोरू लागले. दुसऱ्या दिवशी लेखा शाखा आली. तिचा थकवा जुना होता, फक्त त्याला आजवर खाट मिळाली नव्हती.

साहेब न्यायी माणूस. थकव्याच्या बाबतीत विभागात पक्षपात होणार नाही, असा त्यांनी आदेश काढला. नोकरी जितकी जुनी तितका थकवा जास्त साठलेला, म्हणून पाळ्या ज्येष्ठतेने लागल्या. बाई सर्वांत कनिष्ठ. त्यांची पाळी यायची तेव्हा शिपाई दाराला कुलूप लावत असायचा.

रांगेत भांडणं होऊ लागली तेव्हा थकव्यातलं कळणारं माणूस हवं, म्हणून बाईंनाच थकवा समन्वयक नेमलं. आपलं काम सांभाळून, उभ्याने. रांगेला जागा व्हावी म्हणून खुर्च्या आधीच हलवल्या होत्या. शेवटी बाईंनी डॉक्टरांनाच बोलावलं. ते आले, "सकाळपासून नुसती धावपळ," म्हणाले आणि साहेबांच्या ओळखीने मधेच घुसून झोपले.

"साहेब, मला उभं राहवत नाही," बाई म्हणाल्या. मग तिथेच खाली बसल्या आणि भिंतीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.

साहेबांच्या गालावर उशीची घडी उमटली होती. ते हळहळले. "बघा, एवढ्या आजारातही किती निवांत झोप लागते यांना. नशीब लागतं." रांग बाईंच्या पायांना वळसा घालून पुढे सरकली.

तुम्हालाही वाईट वाटलं ना? बाईंना भेटून धीर द्यावा, असंही वाटत असेल. अवश्य या. "दमतो तर आम्हीही" हे तुमच्या ओठांवर आलेलं वाक्य मात्र गिळू नका, त्यावाचून आत घेत नाहीत. रांगेचं टोक जिन्याखाली आहे.