डाव्या कानाची परवानगी

ज्ञान दिल्याने वाढतं, असं म्हणतात. ते कुणाला द्यायचं, कोणत्या अटींवर आणि कुठल्या कानाला, एवढं मात्र हे म्हणणाऱ्याने सांगून ठेवलं नाही. ती उणीव वैद्यकीय प्रकाशकांनी भरून काढली.

कानाच्या डॉक्टरांचंच बघा. माणसाच्या कानात आत बारीक खडे असतात. ते जागचे सरकले की माणूस बसल्या जागी गरगरतो. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं खपून त्यावर एक युक्ती बसवली. रोग्याला खाटेवर बसवायचं, मान उजवीकडे वळवून झटकन आडवं करायचं, डोकं खाटेच्या कडेवरून खाली सोडायचं, मग मान दुसरीकडे, मग कूस, मग उठा. खडे आपापल्या घरी. गोळी नाही, सुई नाही.

या शोधाचं श्रेय रीतसर वाटलं गेलं. लेखक एकंदर सात. त्यांपैकी काम केलेला एक, विभागप्रमुख एक, विभागप्रमुखांचा जावई एक. उरलेल्या चौघांना आपण लेखक असल्याचं छापून आल्यावर कळलं. खर्च सरकारने केला (म्हणजे तुम्ही). लेख तपासला दोन परक्या डॉक्टरांनी, फुकट. राहता राहिलं सगळ्यात अवघड काम, म्हणजे मालक होणं. ते प्रकाशकाने एकट्याने केलं, आणि कुरकुर न करता केलं.

वर लेख मुक्त ठेवला. (मुक्त करण्याची फी डॉक्टरांनी भरली. कैद्यानेच आपला जामीन भरावा तशी.) मुक्त म्हणजे कुलूप काढलेलं नव्हे, दार काचेचं केलेलं. कुणीही यावं, बघून जावं. अटी फक्त तीन: आमचं नाव घ्या, नफा घेऊ नका, बदल करू नका. डॉक्टरांनी त्या न वाचता मान्य केल्या. शिकलेल्या माणसाची हीच खूण.

पुढे कुणीतरी त्या लेखातलं चित्र रंगवून वॉर्डाच्या भिंतीवर लावलं. प्रकाशकाची नोटीस आली आणि रुग्णालयाची अशी पाचावर धारण बसली की धुतलेल्या चादरींच्या खोलीतून चादरी काढून तिथे परवाना कक्ष उघडला. प्रमुख म्हणून पूर्वी गाड्यांचा तळ सांभाळणारे गृहस्थ नेमले. सगळे त्यांना परवानासाहेब म्हणत. पहिल्या वर्षी अर्ज चारशे अकरा, परवानग्या तीन. त्यांतल्या दोन रोगी गेल्यानंतर मिळाल्या. (मेलेल्या माणसाकडून बदल होण्याचा धोका नसतो.) चित्रात नसलेली उशी रोग्याच्या मानेखाली दिली म्हणून एक सहायक डॉक्टर घरी बसला.

अशात त्या सात लेखकांपैकी काम केलेल्या डॉक्टरांच्या आईला चक्कर सुरू झाली. आडवं झालं की छत फिरायचं, म्हणून बाई खुर्चीत बसून झोपू लागली. उठली की भिंत धरून चालायची. या वयात एकदा पडली की संपलं, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. तपासलं, तर खडे डाव्या कानातले. आणि लेखात कान होता उजवा.

डॉक्टर परवाना कक्षात गेले.

"डावा कान हे उजव्या कानाचं रूपांतर आहे," परवानासाहेब म्हणाले. "आणि रूपांतराला बंदी आहे."

"अहो, ते रूपांतर देवाने केलंय!"

"लेखी आहे का देवाचं?"

"मी स्वतः लेखक आहे, साहेब."

"होतात. सही केल्यानंतर तुम्ही वाचक."

"बरं. घरची आई आहे, मी तिच्याकडून एक पैसा घेणार नाही."

"बरी झाली की जेवायला वाढेल तुम्हाला?"

"वाढेल की."

"मग झाला नफा. अर्ज प्रकाशकाकडे पाठवतो."

युक्तिवाद बिनतोड होता. डॉक्टर कायद्याला घाबरणारे. (न घाबरणारे विभागप्रमुख होतात.) घरी येऊन त्यांनी आईचं डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि तसेच थांबले.

"फिरव की रे," आई म्हणाली.

"परवानगी येऊ दे, आई."

"मेल्या, तू पोटात आडवा होतास. सुईणीनं बाहेरून चोळून सरळ केला तुला. तिनं कुणाची परवानगी काढली होती?"

"तिने ते छापलं नव्हतं, आई."

"म्हणून तर जगलास!"

बायको म्हणाली, "सरका, मी फिरवते." पण तिने तो लेख टंकून दिला होता, म्हणजे तीही वाचकच. डॉक्टरांनी तिला अडवलं. आयुष्यात एवढ्या ठामपणे त्यांनी बायकोला पहिल्यांदाच अडवलं, आणि त्यांना स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

रुग्णालयात परवानगी यायच्या आधी आई आली. स्ट्रेचरवरून. पाणी प्यायला उठली, दाराची चौकट धरायला गेली, आणि चौकट होती तिथे नव्हती. खुबा मोडला.

स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना दोघा वॉर्डबॉयमध्ये पाय कुणी धरायचे यावरून जुंपली. त्या भानगडीत म्हातारीचं डोकं कडेवरून खाली लोंबलं, डावीकडे वळलं, मग उजवीकडे, मग त्यांनी तिला कुशीवर केलं, मग टेकवून बसवलं. ती किंचाळली. मग म्हणाली, "अरे, गरगर थांबली! पाय गेला पण गरगर थांबली!"

डॉक्टर रडले. आईसाठी रडले, हे नमूद केलं पाहिजे, कारण लगेच त्यांनी कागद मागवला. वॉर्डबॉयना विनापरवाना उपचार केल्याबद्दल मेमो मिळाला. 'डाव्या कानावरील पहिला यशस्वी प्रयोग' हा लेख आठ लेखकांच्या नावे त्याच प्रकाशकाकडे रवाना झाला, हक्कांसकट, मोडक्या खुब्याच्या फोटोसकट. त्या आठांत आई नव्हती. (तिने फक्त कान आणि हाड दिलं होतं. लेखक व्हायला तेवढं पुरत नाही.) आई आता काठी धरून चालते. डॉक्टरांशी बोलत नाही.

अर्जाचं उत्तर यथावकाश आलं. परवानगी नाकारण्यात येत आहे, कारण डाव्या कानावरचा एक लेख नुकताच आमच्या मालकीचा झाला आहे.

तुम्ही म्हणाल, असला कसला मुलगा, आम्ही असतो तर आईची मान फिरवून मोकळे झालो असतो. असालही तुम्ही वाघ. पण मागच्या खेपेला आपल्या माणसाला दवाखान्यात घातलंत, तेव्हा खिडकीतून तुमच्यापुढे बारीक अक्षरांचे कागद सरकवले होते. त्या माणसाचं रक्त, त्याचे फोटो, त्याच्या पोटातून काढलेला गोळा कुणाच्या मालकीचा, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. त्यावर तुम्ही एकच प्रश्न विचारलात: सही कुठे करायची?