सतराव्या कडव्यातला होकार

धाकट्या भावाचे लग्न मी केवळ अठरा कडव्यांत जमवून दाखवीन, अशी प्रतिज्ञा मी घरात जाहीरपणे केली होती!

भाऊ गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. उधळलेल्या बैलापुढे न डगमगणारा हा वीर दूध संकलन केंद्रात फॅट तपासणाऱ्या मुलीपुढे मात्र थिजलेल्या तुपासारखा होई. त्यात तिची बदली झाली. सोमवारी पहाटे सहाची बस!

म्हणून मी जुन्या वळणाचे पहाटगाणे रचले. त्याची शिस्त ठरलेली: दोन कडवी पहाटेची, पाच गाईगुरांची, नऊ रुसव्याची, सतराव्यात होकार, अठराव्यात सूर्योदय.

“आणि बस चुकली तर?” बायकोने विचारले.

“बस हा काव्यबाह्य मुद्दा आहे!”

सोमवारी पावणेसहाला भाऊ तिच्या अंगणात उभा राहिला. कागद घेऊन मी गवताच्या गंजीमागे. त्याने पहिले कडवे घसा बसलेल्या बेडकासारखे म्हटले. दुसरे अर्ध्यावर असतानाच दार उघडून ती ट्रंकेसह बाहेर आली.

“मला मागणी घालायला आलात ना? चार महिने एकाच गाईचं दूध रोज तपासायला आणता, मला काय कळत नाही? माझा होकार आहे!”

मी गंजीतून उसळलो. “थांबा! हे नियमबाह्य आहे!”

“अगं बाई! हे कोण?”

“दादा,” भाऊ जमिनीकडे पाहत पुटपुटला.

“तुमचा रुसवा अजून व्हायचा आहे!” मी तिला बजावले.

“पण मी रुसलेच नाही हो!”

“तोच तर दोष! नऊ कडवी रुसायचं आहे!”

“बरं, बसमध्ये रुसते!”

तेवढ्यात हॉर्न वाजला.

“दादा, उरलेलं जाऊ दे ना रे!”

“गाईगुरांची पाच कडवी गाळू? परंपरेचा गळा घोटू?”

मी त्याचा सदरा घट्ट धरला. सदरा माझ्या हातात राहिला. भाऊ बनियनवर, तिची ट्रंक डोक्यावर घेऊन, बसमध्ये!

तथापि अर्धवट रचना सोडून जाणे माझ्या तत्त्वात बसत नाही. रिकाम्या अंगणात, भावाचा सदरा खांद्यावर टाकून, मी उरलेली कडवी खणखणीत आवाजात म्हणू लागलो. गाईगुरे झाली. रुसवा झाला. आणि परंपरेच्या शिस्तीप्रमाणे, बरोबर सतराव्या कडव्याला, होकार आला!

तो मुलीच्या घरमालकीणबाईंचा होता. वय सत्तर, राहतात एकट्या. खिडकीतून लाजत म्हणाल्या, “इतकं आर्जवानं कुणी विचारलंच नव्हतं हो!”

मी मागे वळलो. फाटकापाशी बायको उभी होती.

“अठरावं घरी म्हणा,” ती म्हणाली. “त्याआधी मला नऊ कडवी रुसायचंय!”