मूळ साचा कपाटात

मी उभी हयात कचेरीत आराखडे काढण्यात घालवली आहे. त्यामुळे लेकीच्या बाळासाठी षटकोनी तुकड्यांची दुलई मी स्वतः हातानं शिवणार, असं जाहीर केलं तेव्हा मला तिळमात्र शंका नव्हती. शंका बायकोच्या चेहऱ्यावर होती, पण ती तिथे कायमच असते. वर मी लेकीच्या सासूबाईंना फोनवर सांगून बसलो, "बाळाला घेऊन याल तेव्हा बघाच, दुलई कशी असते ती!" विहीणबाई शिवणकाम शिकवतात.

पद्धत तशी साधी. जाड कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापड ठेवून कडा मागे दुमडायच्या आणि कच्चा धावदोरा घालायचा. मग असे दोन षटकोन समोरासमोर धरून कडेकडेनं बारीक टाके. मधल्या तुकड्याभोवती फेर धरत बाहेर जायचं आणि शेवटी कागद काढून घ्यायचे. पहिला साचा मी इतका अचूक कापला की माझीच दृष्ट लागावी. आता आमच्या कचेरीचा दंडक असा, की मूळ प्रत वापरायची नाही, जपायची! मूळ साचा कपाटात ठेवला. त्यावरून दुसरा काढला, दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. दर वेळी पेन्सिलीच्या रेघेच्या आतून कापायचं, म्हणजे काम स्वच्छ.

बाहेरच्या फेरांत कडा जुळेनात. तुकडे लहान होत चाललेत, असं बायको म्हणाली. मी म्हटलं, कापड आहे, ताणलं की येतं. ताणलं, आलं.

मंडळी यायच्या दिवशी सकाळी कागद काढून, अस्तर लावून दुलई पलंगावर पसरली. पसरेच ना! मध्ये फुगलेली, कडा आत वळलेल्या, कढई पालथी घालावी तशी. इस्त्री फिरवली. वर गाद्या ठेवल्या. शेवटी मी स्वतः बसलो. मी उठलो, दुलईही उठली. बायकोनं कपाटातला मूळ साचा आणला, त्यावर माझा शेवटचा ठेवला आणि म्हणाली, "हा त्याचा नातू दिसतोय."

खरं सांगून टाका, असं ती म्हणतेय तोवर दारात गाडी थांबली. बाळ रडून लालबुंद झालं होतं, लेक रडायच्या बेतात. विहीणबाईंनी दुलई पाहिली, टाके पाहिले, माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी दुलई उलटी केली आणि त्या खोलगट भागात बाळाला ठेवलं. दोन हुंदके, आणि ते गाढ झोपलं.

"व्याही, हा खोलगटपणा मुद्दाम आणलात?"

"म्हणजे काय! हिशोबच तसा केलाय."

बायकोला जोराचा खोकला आला.

"मग माझ्या धाकटीच्या बाळासाठीही हवी," विहीणबाई म्हणाल्या. "हुबेहूब अशीच. मी शेजारी बसून शिकणार आहे."

तेव्हापासून मी रोज साच्यावरून साचा कापतोय, लहान होत जावेत म्हणून. मेले सगळे एकसारखे येताहेत!